माथेरान नाही, इगतपुरी नाही

कोपरी, ठाणे
वैशाख, १९५५

प्रिय त्र्यंबक,

आणि त्या बाईंनी करंड्यात बोट बुडवून आपल्या प्रमोदिनीच्या कपाळाला कुंकू टेकवलंसुद्धा. मी त्यांचा हात धरायला हवा होता, असं तू म्हणशील. मी धरला नाही. बाई म्हणाल्या, "प्रवासात घामानं पुसलं वाटतं हो तुमचं. आमची वाटच तशी आहे." प्रमोदिनीच्या हातात आंब्याच्या डाळीची वाटी होती. ती तिनं खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. मला बाईंनी कुंकू लावलं नव्हतं, नुसतं पन्हं दिलं होतं. म्हणजे माझं कपाळ त्यांना बरोबर वाचता आलं होतं. तिचं आलं नाही. इतक्या तरुण मुलीबद्दल तसा विचार मनात येत नाही, एवढंच.

हे जव्हारला घडलं, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला. राहायचं तर इथेच, हे मी त्याच खोलीत ठरवलं. तुला नागपुरात यातलं काही ठाऊक नाही, म्हणून आता सुरुवातीपासून सांगते.

माघात तुझं पत्र आलं. रघुशिवाय त्या घरात दोघी बायकांनी काय करायचं, कोपरीची जागा सोडा आणि इकडे या, तुळसाला पुन्हा दिवस गेले आहेत, प्रमोदिनीची मदत होईल आणि तिचाही वेळ जाईल, असं तू लिहिलंस. तुझ्या मनात वाईट नव्हतं. तू चांगलाच मुलगा आहेस, तेच अवघड आहे. पण 'तिचाही वेळ जाईल' हे वाक्य माझ्या घशाखाली उतरेना. धाकट्या भावाच्या बायकोजवळ वेळच वेळ आहे, तर तो आपल्या पोळ्या लाटण्यात जावा, हे तुला इतकं सहज सुचलं. मीही तुझ्या आत्याला असंच राबताना पाहिलं होतं. ती मेली तेव्हा सगळे म्हणाले, फार कामाची होती.

मी ठरवलं, जायचं तर डोंगरावर. कमळाबाईंना सांगितलं. शेजारच्या कमळाबाई तुला आठवतात ना, ज्यांच्या सासऱ्यांची खाडीकाठी मिठागरं होती? त्या म्हणाल्या, "अगं बाय, या वयात मान्सा गुडघे धरून खाली उतरतान, न् तू वर कुठं चाल्लीस?" मी म्हटलं, वर गेल्यावर उतरायचं कारणच राहणार नाही. त्या हसल्या, पण गल्लीभर सांगून आल्या. सगळा जन्म मी या खाडीच्या दमट हवेत काढला. वाळत घातलेलं लुगडं इथे कधी पुरतं वाळत नाही. मला कोरडी हवा हवी होती आणि खिडकीतून डोंगर दिसायला हवा होता. यापेक्षा मोठं कारण लागत असेल तर ते मी कोणालाही देणार नाही. पुरुष बदलीच्या गावी जातात, तीर्थाला जातात, पेन्शनीत गावी जाऊन राहतात. त्यांना कोणी कारण विचारत नाही.

आमच्या सोबत रघुचा मित्र महिपत आला. कल्याणच्या शाळेत शिकवतो तो. रघुच्या आजारपणात तू आलास, तेव्हा तुला स्टेशनवरून त्यानंच आणलं होतं.

आधी माथेरान पाहिलं. छोट्या गाडीत प्रमोदिनी दारापाशी उभी राहिली, पार वरपर्यंत. झाडी इतकी दाट की दुपारी संध्याकाळ वाटते, आणि पायांना तांबडी माती. मला गाव आवडलं. पण बाजारात पोचतो न पोचतो तोच ठाण्याची दोन कुटुंबं भेटली. "अय्या, तुम्ही? हवा खायला?" असं म्हणत त्यातल्या एकीनं माझ्याकडे, प्रमोदिनीकडे आणि महिपतकडे ओळीनं पाहिलं. सबंध उन्हाळा ठाणंच तिथे चढून येतं. ठाण्याला वर नेऊन ठेवायचं असेल, तर मग ठाणं काय वाईट?

इगतपुरीला ढग अंगणात येतात म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा नुसता वारा होता, पण सुरेख. घरमालक रेल्वेतून निवृत्त झालेले, देवभोळे. त्यांनी विहीर दाखवली, माजघर दाखवलं, मग माझ्याशी हळू आवाजात बोलले, "राग मानू नका, पण सकाळी मुलगा ड्यूटीवर निघतो. त्या वेळी तुम्ही दोघींनी मागच्या दारानं वावरलात तर बरं." मी विचारलं, मुलाची ड्यूटी रोज बदलते ना? ते म्हणाले, हो. मी म्हटलं, मग आम्हाला दिवसभरच मागचं दार. महिपतनं सामान उचललं आणि आम्ही पुढच्या दारानं बाहेर पडलो.

जव्हारला एस.टी.नं गेलो, भिवंडी-वाड्यावरून. प्रमोदिनीला दोनदा उलटी झाली. पण शेवटची चढण संपली आणि पठार लागलं, तेव्हा तिनं डोळे उघडले ते मिटलेच नाहीत. गाव लहान. कडेला जाऊन उभं राहिलं की दरीतल्या दरीत डोंगर उतरत गेलेले दिसतात. कोणी काही दाखवायला येत नाही. ज्यांच्या माडीवरच्या खोल्या पाहायला गेलो, त्या आवडाबाईंकडे नेमकी गौर मांडलेली. आम्हाला दारातून परत पाठवणं त्यांना बरं दिसेना. महिपत अंगणात थांबला, आम्ही आत गेलो, आणि पुढचं मी वर लिहिलंच आहे.

कुंकू लागलं, तेव्हा गप्प बसता आलं असतं. पण चोरून राहायचं तर इतका चढ कशाला चढायचा? मी सगळ्यांसमोर बोलले, "बाई, घामानं पुसलेलं नाही ते. माणसांनी पुसलं. हिचा नवरा, माझा मुलगा, वारला." खोलीतल्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. एक म्हातारी ओटीतले हरभरे तसेच टाकून उठून गेली. प्रमोदिनीनं पदर कपाळाकडे नेला. आवडाबाई करंडा हातात धरून उभ्या होत्या. मग त्यांनी तिचा पदर खाली केला आणि म्हणाल्या, "मग मघाशी घाईत वाकडं लागलंय. थांब, नीट लावते."

सगळं गाव तसं नाही, हे मला कळतं. पण भाडं त्या म्हातारीला द्यायचं नाही, आवडाबाईंना द्यायचं आहे. प्रमोदिनीला तिथल्या मुलींच्या शाळेत शिकवायला घेताहेत. पोळ्या ती लाटेल, स्वतःच्या भुकेपुरत्या. तुळसाच्या बाळंतपणाला बाई ठेव. मीही येऊन जाईन, आजी म्हणून.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. आम्ही निघताना आवडाबाईंनी विचारलं, "अंगणात उभे होते ते कोण?" मी सांगितलं, होणारे जावई. महिपत तिथेच नोकरी बघतो आहे. त्यानं मला वर्षापूर्वी विचारलं होतं, तिला त्यानंतर, माझी परवानगी घेऊन. त्याची जात तुला माहीत आहे, मलाही आहे. पुन्हा लिहून कळवू नकोस. लग्न ज्येष्ठात, जव्हारला. भटजी मिळाले तर त्यांच्या हातून, नाही तर कचेरीत. साळीच्या लाह्या मात्र मी भाजणार आहे. होमाच्या वेळी मुलीच्या ओंजळीत त्या घालायला आणि नवऱ्या मुलाचा कान पिळायला तिचा भाऊ लागतो. तिला सख्खा भाऊ नाही. तू मोठा दीर म्हणून येणार असशील, तर नागपुरातच राहा. भाऊ म्हणून येणार असशील तर आधी कळव, मी वाट पाहीन. नाही आलास तर आवडाबाईंचा मुलगा कान पिळेल. लग्न त्यावाचून अडणार नाही. मला मात्र वाईट वाटेल, हे लपवत नाही.

तुझीच, आणि आता तिचीही,
आई

ता. क. आज सकाळी किल्ली कमळाबाईंना दिली. एस.टी. उशिरा आली. आम्ही तिघंही चढलो. हे पत्र भिवंडीच्या स्टँडवरच्या पेटीत टाकते आहे.