फुटला नाही तो थेंब

स्किद्रा,
रविवार, १४ सप्टेंबर

प्रिय झाफिरो,

तुला, तुझ्या आईला आणि घरातल्या सगळ्यांना उदंड आयुष्य लाभो. आज क्रूसाचा सण. चर्चमध्ये वाटलेल्या तुळशीची एक काडी सोबत ठेवते आहे. तुझ्या माहेरी पोचेपर्यंत वाळेल, पण वास राहील.

हात कसा आहे, हे विचारत नाही. फोनवर रोज विचारते आणि रोज तू "बरा आहे गं" म्हणतेस. माझा आवाज जरा कापला, की उलट तूच माझी समजूत काढायला लागतेस. मग जे बोलायचं ते राहूनच जातं. म्हणून हे पत्र.

आर्गिरो काल येऊन गेली. तिला द्राक्षं दिली, शाळेसाठी वह्या दिल्या. तुझी लेक बोलण्यात तुझ्यावरच गेली आहे. "नूना, तू बारीक झालीस. तुझ्या कारखान्यात जेवण बंद केलं का?" म्हणाली. तिची धर्ममाता म्हणून बाप्तिस्म्याच्या पाण्यातून मी तिला उचललं तेव्हा कशी किंचाळली होती! तशीच आहे अजून.

कारखान्यात पीचचा हंगाम संपत आला. उरलेला माल मऊ पडला आहे, मुरंब्यालाच जाईल. सकाळची वाक्यं बंद झाली. कोणी बंद करा म्हणालं नाही. एका सकाळी मी बायकांसमोर उभी राहिले आणि तोंडातून शब्दच फुटेना. त्या आपापल्या जागेवर निघून गेल्या.

ती वाक्यं मी थेस्सालोनिकीहून आणली, तेव्हा किती मिरवत होते मी! नवी पाळीप्रमुख, गळ्यात ओळखपत्र, दोन दिवसांचं शिबिर करून आलेली. सगळ्यांनी गोल उभं राहायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, "माझे हात बळकट आहेत. मी थकत नाही. मी करू शकते." तू पहिल्याच दिवशी म्हणालीस, "एव्हांथिया, हे माझ्या गुडघ्यांना सांग, त्यांना अजून कळलेलं नाही!" सगळ्या फिदीफिदी हसल्या.

पण मग मी तुला मध्ये उभी केली आणि सगळ्यांनी तुझ्याकडे बघून म्हटलं, "झाफिरो, तुझे हात सोन्याचे आहेत." तू रडलीस. जेवणाच्या सुट्टीत मला म्हणालीस, "इतक्या वर्षांत असं मला कोणी म्हटलं नव्हतं गं. नवरासुद्धा नाही." ते खरं होतं, झाफिरो. त्या दिवशी मी तुला फसवत नव्हते. एवढं तरी माझ्या बाजूनं धर.

बायका कौतुक केल्यावर थू थू थू करायच्या, दृष्ट लागू नये म्हणून. ते मी बंद केलं. अन्नाच्या कारखान्यात थुंकायचं नाही, म्हटलं. म्हाताऱ्या लेमोनियानं तोंड वाकडं केलं. "एवढ्या मोठ्यानं हातांचं कौतुक आणि वर थुंकायचंही नाही? हे बरं नाही होणार." म्हणून आता सगळं गाव म्हणतंय, झाफिरोला दृष्ट लागली. आपले मालक, स्ताथिस साहेब, त्यांनाही ते पटलं आहे. का नाही पटणार? पाद्रीबाबांना बोलावून त्यांनी बिया काढायच्या यंत्रावर पवित्र पाणी शिंपडून घेतलं. यंत्राला काय झालं होतं?

आता ते लिहिते, ज्याच्याभोवती इतका वेळ घिरट्या घालते आहे.

अपघाताच्या आदल्या आठवड्यात तू माझ्याकडे आलीस. हातमोजा काढून म्हणालीस, "ही दोन बोटं बधिर झालीत गं. गरम-गार काही कळत नाही. थोडे दिवस मला निवडीच्या टेबलावर बसव." यंत्रावर तुझ्याइतकी चपळ दुसरी कोणी नव्हती आणि साहेबांना त्या आठवड्यात माल हवा होता. मी तुझा हात हातात घेतला आणि म्हटलं, "असं तोंडातून काढू नकोस. म्हण, माझे हात बळकट आहेत." तू माझ्याकडे बघितलंस. मग म्हणालीस. मी पुन्हा म्हणायला लावलं, तू पुन्हा म्हणालीस आणि यंत्राकडे गेलीस. मला वाटलं, मी तुला धीर दिला. मी तुझी तक्रार तुझ्याच तोंडानं परत घ्यायला लावली.

बधिर बोटांना यंत्र कळलं नाही. कसं कळणार?

श्रम निरीक्षक आला तेव्हा साहेब म्हणाले, "ती तर रोज सकाळी सगळ्यांसमोर सांगायची, हात उत्तम आहेत म्हणून." निरीक्षकानं माझ्याकडे वळून विचारलं, तिनं काही त्रास सांगितला होता का? मी म्हटलं, नाही. मग तो तुझ्याकडे हॉस्पिटलात गेला आणि तूही म्हणालीस, "मी कोणाला काही बोलले नव्हते." माझ्यासाठी. आपल्या कुंबारासाठी, लेकीच्या धर्ममातेशी जुळलेल्या नात्यासाठी. बाहेर आल्यावर त्यानं मला हे सांगितलं, आणि माझ्या जिवात जीव आला. लाज वाटते लिहायला, पण खरंच आला. आता त्याच्या अहवालात 'कामगाराचा निष्काळजीपणा' असं जाणार. म्हणजे भरपाई नाही, पेन्शन नाही, आणि बोटं गेली त्याचा दोषही तुझ्याच माथी.

त्या संध्याकाळी तू म्हणालीस, "एव्हांथिया, माझी दृष्ट काढ. सगळे म्हणतात तेच असेल." आजोबांनी मला शिकवलेला मंत्र मी पुटपुटले. नर्सकडून पेलाभर पाणी घेतलं, तेलाचा थेंब सोडला. दृष्ट असली तर थेंब पाण्यात फुटून पसरतो आणि म्हणणाऱ्याला जांभया येतात, म्हणून मी ओढूनताणून जांभया दिल्या. डोळे पुसले. मग तुला म्हटलं, "बघ, तेल पसरलं. दृष्टच होती, जबर होती." तू उशीला टेकलीस आणि म्हणालीस, "मग कोणाचाच दोष नाही. बरं झालं." आणि तुला झोप लागली.

झाफिरो, तुला पेला नीट दिसत नव्हता. तेल फुटलंच नव्हतं. थेंब गोलच्या गोल, तसाच वर तरंगत होता. पेला मी मोरीत ओतला तेव्हाही तसाच होता.

मंगळवारी निरीक्षक पुन्हा येतो आहे. तू माझ्याकडे आली होतीस आणि मी तुला परत पाठवलं, हे मी त्याला साहेबांसमोर सांगणार आहे. नोकरी जाईल. ओळखपत्र आजच खुंटीला टांगलं आहे. त्यानं तुला पुन्हा विचारलं, तर मला वाचवू नकोस. तुझ्या पाया पडते, या वेळी जे झालं तेच सांग. मला भीती वाटते आहे. 'मी करू शकते' असं तीनदा म्हणून बघितलं, भीती तसूभर कमी झाली नाही. तरी जाणार.

आर्गिरोला यापुढे माझ्याकडे पाठवायचं की नाही, हे तू ठरव. आजवर तुला प्रत्येक पत्राखाली 'तुझी कुंबारा' लिहीत आले. आज ती जागा मोकळी ठेवते. तुला वाटलं तर, डाव्या हातानं का होईना, तूच ती भर.

एव्हांथिया