बांधाबद्दल

दि. १४ मार्च

प्रिय दादा,

धाकटीचा नमस्कार. तुझी दोन्ही पत्रं पोचली. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. माझा खोकला गेला. ऑफिसचा जिना चढताना गुडघा कुरकुरतो, पण तो आईवर गेलाय, त्याला मी काय करणार! वहिनीच्या हाताचं प्लास्टर निघालं का?

तू विचारलंस, बांधाला पैसे देणारे परदेशी निधीवाले पुन्हा कधी येणार. त्यांच्यातल्या त्या बाई आपल्या स्वयंपाकघरात ओल्या फरशीवर उभ्या होत्या, आईने भिंतीवर पाणी कुठवर चढलं ते दाखवलं, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. ते खोटं नव्हतं, दादा. एवढं मला आधी सांगायचंय.

त्या गेल्या आणि कागद सुरू झाले. खाडीच्या भरती-ओहोटीच्या तीस वर्षांच्या नोंदी हव्यात म्हणाले, आपल्याकडे अकराच वर्षांच्या. त्या चालवून घेतल्या, तर फॉर्मच बदलला. चार वर्षांत माझे तीन साहेब बदलले. शेवटी विचारलं, पाणी हवामान बदलल्यामुळे चढतंय की खाडीत गाळ साचल्यामुळे, ते सिद्ध करा. साहेब म्हणाले, "पाण्यालाच विचारून कळवू म्हणावं." आम्ही सगळे हसलो. मग बसून साठ पानं लिहिली.

उगाच लांबण लावतेय. तू मास्तर, एव्हाना ओळखलं असशील.

बांध नामंजूर झाला. महिन्यापूर्वीच. मंजूर झालंय ते बारा दिवसांचं प्रशिक्षण. तुझ्याच शाळेत होईल. पाणी आलं की कुठे पळायचं, ते शिकवणार आहेत.

आता पुढचं. हे मी दोनदा लिहून फाडलंय.

वस्ती हलवायला टेकडीवर सरकार देतंय त्या जागांच्या यादीत आपल्या वस्तीचं नाव कसं नाही, असं तू विचारलं होतंस. मी म्हटलं, ऑफिसची चूक. ती चूक नव्हती. जी वस्ती उठणार, तिला बांध मिळणार नाही, अशी निधीची अट होती. साहेब म्हणाले, "गाव तुमचं आहे, तुम्हीच ठरवा." तुम्हाला कुणालाही न विचारता मी नाव खोडलं. त्याच दुपारी तुला फोन केला, बांध नक्की म्हणून. मग तू शाळेची बाकं अंगणात काढून सभा भरवलीस. नावाडीकाकांनी सामान बांधून ठेवलं होतं. "मास्तर म्हणतोय तर राहू," म्हणत त्यांनी ते सोडलं.

काल मी त्या जागांच्या ऑफिसात गेले होते. कारकून भला माणूस, खुर्ची दिली.

"ताई, यादी बंद झाली. जागा वाटूनही झाल्या."

"पुन्हा कधी उघडेल?"

"निधी आला की."

"कुठला निधी?"

"बाहेरचाच की. तुमच्याच खात्याकडून अर्ज जातो ना?"

मी हो म्हटलं आणि उठले. त्या जागांच्या निधीचा नवा अर्ज आज टेबलावर घेतलाय. पहिल्याच पानावर विचारलंय, लोकांना विश्वासात घेतलं होतं का. तिथेच अडकून बसलेय.

हे पत्र सभेत वाचून दाखव. मला पाठीशी घालू नकोस, ते तुझ्यावर येईल. पावसाळ्याआधी आईला आणि वहिनीला घेऊन इकडे ये, असं लिहायला हात धजत नाही. शाळेत एक पोर असेतो तू हलणार नाहीस, आणि तुझ्याशिवाय आई हलणार नाही. काय करू, सांग. खरंच विचारतेय, दादा. मला काही सुचत नाही.

तुझ्या शब्दाची जिने माती केली, ती
तुझी धाकटी