यायचं पोकर अन् आचलचे वाळे

८ जानेवारी
आचलचे बाबा आता पोकर शिकले. वांगे तोडाले कंबर दुखते, रजतच्या वावरातल्या खोलीत पत्ते घेऊन बसाले दुखत नाई. रजत म्हणजे यायचा दोस्त. कामधंदा नाई, चष्मा तेवढा काळा. आज हे म्हणे, छाया, पोरीचे वाळे दे, सोन्याचे करून आणतो. माह्या मायनं बारशाले देलेले चांदीचे वाळे! मी नाई म्हटलं. पोरीले पोटाशी धरून झोपली.

९ जानेवारी
ठरवलं. यायलेच पोकरमंदी हरवतो. मी जितली त खेळ कायमचा बंद. हे जितले त वाळे यायचे. हे लगेच हो म्हणाले. हासले बी. हासू दे. अखाडीच्या सणाले माहेरी तीन पत्तीत मी काकायले रडवलं आहे. चौथीच शिकली मी, पण पत्ते कोणत्या शाळेत शिकवते?

१० जानेवारी, दुपार
यायनं नियम सांगतले. दोन पत्ते हातात, लपवून. पाच मंदात उघडे, सगळ्यायचे. पहिले तीन, मंग एक, मंग एक. दर वेळी बोली. सातातून चांगले पाच धराचे. उघडेच ठेवाचे त जुगार कायचा? मेथीच्या जुडीतले पिवळे पानं बी आम्ही आत लपवतो.
दोघायले पत्ते पाहाच्या आधीच बोली टाका लागते. त्याले ब्लाइंड म्हणते. आंधळेच आहे सगळे.
मंग कोणते पत्ते मोठे, कोणते लहान, ते सांगाले लागले. मी म्हटलं, राहू द्या, तीन सारखे आले की ट्रेल, त्याच्यावर कोणी नाई. लहानपणापासून माहीत आहे. हे म्हणे, अवं ऐकून त घे. मी चुलीवर दूध आहे म्हणून उठली. दूध नव्हतं.

१२ जानेवारी
सासूसंग सराव. बोली फुटाण्याची. चेक म्हणजे काई न टाकता पुढं ढकलाचं. कॉल म्हणजे समोरच्याइतकं टाकाचं. रेज म्हणजे त्याच्यावर चढाचं. फोल्ड म्हणजे पत्ते फेकून गप बसाचं. सासू फोल्ड करतच नाई. म्हणे, हातात आलेलं मी काऊन फेकू? डाव मीच जितली, पण ढिगातले फुटाणे तिनं खाल्ले. तोंडात दात चार.
पोकर काई कठीण नाई. रजतसारख्यायनं उगाच मोठं करून ठेवलं.

१३ जानेवारी
आज सराव नाई. भेवानं नाई. फुटाण्यानं सासूचं पोट बिघडलं.
आचलचे पाय पाहून राह्यली. उगाच.

१५ जानेवारी, संक्रांतीची कर
सासू म्हणे, करीले चांगलं काम करू नये. मी म्हटलं, हे चांगलं काम नाईच, बसा.
यायनं पत्ते वाटले. माह्या हातात दोन राण्या. मंदात तिसरी राणी आली, बदामची. ट्रेल! बदामची सत्ती अन् नव्वी बी आली, बाकी कचरा. यायनं कान खाजवला. खोटं बोलताना हे कान खाजवतेच, लग्न ठरवतानाबी खाजवला होता. मी सगळे फुटाणे पुढं सरकवले. ऑल इन. यायनं कॉल केलं.
यायच्या हातात दुर्री अन् पंजी. बदामची. असे भिकारी पत्ते घेऊन कोणी बसते? मी ढीग ओढाले लागली. हे म्हणे, थांब, पाचही बदाम झाले, फ्लश. पोकरमंदी तीन सारखे याच्या खाली.
मी म्हटलं, असा कुठं नियम असते? सासू म्हणे, असते, मले यानं परवाच सांगतलं. मी म्हटलं, मंग सांगाचं नाई? म्हणे, तू विचारलं काय वं?
मी हारली नाई. नियम चुकीचा आहे.
वाळे मीच काढून देले. आचलले वाटलं खेळूनच राह्यली. दुसरा पाय तिनंच पुढं केला.

१६ जानेवारी
हे रजतकडून आले. जेवले नाई. वाळे तिकडंच राह्यले. म्हणे, पत्ते माहे चांगले होते, समोरच्याचे जास्त चांगले निघाले. हा काय जवाब झाला? बायकोसमोर वाघ, चष्म्यासमोर शेळी.

१७ जानेवारी
माहेराहून, रोहण्याहून, मायचा फोन आला. म्हणे, पोरगी चालून राह्यली त वाळे काऊन वाजत नाई? मी म्हटलं, घट्ट झाले, काढून डब्यात ठेवले. आवाज जराबी हालला नाई माहा. याले ब्लफ म्हणते. यायच्याहून मले चांगला जमते.
माय म्हणे, बरं झालं सांगतलं. आर्वीच्या सोनाराकडून वाढवून देतो. रविवारी येतो अन् घेऊन जातो.
मी म्हटलं, येजो.