दाराबाहेर उभ्या असलेल्या आईला आत घेण्याबाबत

प्रति,
मा. ग्रंथालय अधिकारी,
नगर वाचनालय, मुख्य कार्यालय,
पहिला मजला.

विषय : बालविभागात अर्धी राहिलेली गोष्ट पूर्ण सांगण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपले 'गोष्टींचे विषय निश्चित करणे' हे परिपत्रक.
२) माझे याआधीचे दोन अर्ज. उत्तर आलेले नाही.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळवते की, मी आपल्या वाचनालयाच्या बालविभागात दर रविवारी दुपारी गोष्ट सांगते. मुले मला गोष्टवाली मावशी म्हणतात. आपल्या कागदोपत्री मी 'कथनकार (तात्पुरती)' आहे. मागचे दोन अर्ज फार अदबीने लिहिले होते. या वेळी जमेल तेवढी अदब ठेवते. धाकटी झोपेल तसतसा हा अर्ज लिहिला आहे, तरी मध्येच शाई बदलली असल्यास माफी असावी.

१. बालविभागात एक गोष्ट दोन रविवारांत सांगायची पद्धत आहे. माझ्या आधीच्या बाईंनी ती पाडली. पहिल्या रविवारी गोष्ट ऐन अडचणीच्या जागी थांबवायची. मुलांनी ती घरी न्यायची, जेवताना, आंघोळ करताना घोळवायची, आणि पुढच्या रविवारी पुढे काय झाले असेल ते आधी त्यांनी सांगायचे. मग उरलेली गोष्ट मी सांगायची. या पद्धतीने मुले फार बडबड करतात, अशी वाचनकक्षातल्या ज्येष्ठ मंडळींची जुनी तक्रार आहे. ती खरी आहे.

२. आपले परिपत्रक बरोबर दोन रविवारांच्या मधे येऊन पडले. त्या वेळी चालू असलेली गोष्ट दूरच्या वाळूच्या मुलखातली, मिठाच्या व्यापाऱ्यांच्या वाटेवरची आहे. दुष्काळ पडलेला. एका बाईच्या घरात विकण्याजोगे काही उरत नाही, तेव्हा ती आपला आवाजच एका व्यापाऱ्याला विकते आणि धान्याचे पोते डोक्यावर घेऊन घरी येते. निघताना तिने लेकीला बजावलेले असते, 'माझा आवाज ऐकल्याशिवाय दार उघडायचं नाही.' आता ती दार वाजवते. आतून लेक विचारते, 'कोण आहे?'

इथे मी थांबले. तेव्हापासून ती बाई दाराबाहेर उभी आहे. तिला तिथे दुष्काळाने ठेवलेले नाही आणि व्यापाऱ्यानेही नाही. आपल्या कार्यालयाने ठेवले आहे.

३. परिपत्रकाप्रमाणे प्रत्येक गोष्टीचा विषय मंजूर यादीतून निवडायचा, गोष्ट सुरू करण्याआधी फळ्यावर लिहायचा आणि मुलांकडून म्हणवून घ्यायचा. यादीत प्रामाणिकपणा, कष्टाचे फळ, आज्ञापालन, मातृप्रेम, स्वच्छता वगैरे विषय आहेत. बर्फाच्या मुलखातल्या दोन भावांची एक गोष्ट आम्ही मागे सांगितली होती. त्यांच्यात एकच कोट. एक बाहेर गेला की दुसऱ्याने घरात कुडकुडत बसायचे. तिला आपल्या विषय ठरवणाऱ्या समितीने आता मागाहून 'बंधुप्रेम' हा विषय दिला. आमच्या मुलांनी सांगितले होते की घरात बसलेला भाऊ मनातल्या मनात रोज शिव्या घालत असणार. मला मुलांचे पटले.

चालू गोष्टीसाठी मंजुरीला पाठवायच्या तक्त्यात मी 'भूक' असा विषय भरला. तक्ता परत आला. शेरा असा : 'भूक हा विषय नसून समस्या आहे. संबंधित विभागाकडे पाठवावे.' महोदय, हा शेरा मी घरी मोठ्याने वाचून दाखवला. आमचे हे हसले. मला हसू आले नाही.

४. आपल्या कार्यालयातले बडे लिपिक स्वभावाने भले गृहस्थ आहेत. ते म्हणाले, 'ताई, मातृप्रेम लिहा आणि मोकळ्या व्हा. कोण बघतंय?' मी तसे लिहिणार नाही, त्याची कारणे नोंदवून ठेवावीत ही विनंती. फळ्यावर 'मातृप्रेम' लिहून बसले की दार उघडणार हे मुलांना आधीच कळते, मग त्या बाईची काळजी कुणी कशाला करेल? विषय आधी सांगून गोष्ट सांगणे म्हणजे ढेकर देऊन जेवायला बसणे. शिवाय ते खोटे आहे. माया तर सुकाळातही होती. आवाज विकावा लागला तो भुकेपायी.

लिपिकसाहेबांनी मग फाईल बंद केली आणि हळूच विचारले, 'पण काय हो, ती पोरगी दार उघडते का?' मी म्हटले, परवानगी आली की सांगते. ते म्हणाले, 'अहो, मी काय लहान आहे का?' म्हटले, म्हणूनच थांबा.

५. त्यानंतर समितीने गोष्टीत दुरुस्त्या सुचवल्या. आईने घर सोडून जाणे योग्य दिसत नाही, तरी आईऐवजी शेजारीण करावी. आवाज विकणे हा गैरव्यवहार वाटतो, तरी धान्य सवलतीच्या दुकानातून आणल्याचे दाखवावे. थोडक्यात, शेजारीण दुकानात गेली आणि धान्य घेऊन आली. अशी गोष्ट सांगायला मी कशाला हवी? ती तर दुकानातली पावतीसुद्धा सांगते.

६. आता मुलांचे. शिंपीकाकांचा मुलगा घराला कडी लावू देत नाही, न जाणो ती बाई यायची. त्यांच्याकडे कुत्रे शिरले आणि गिऱ्हाइकाच्या सदऱ्यावर झोपले. दातांच्या डॉक्टरांच्या जुळ्या मुली दाराबाहेर पाण्याचा पेला भरून ठेवतात आणि घरातली माणसे त्याला अडखळतात. पालकांची तक्रार आपल्याकडे आली, आणि आपण तीच फाईलला लावून लिहिलेत की सदर गोष्टीचा मुलांवर अनिष्ट परिणाम होत आहे. महोदय, परिणाम गोष्टीचा नाही, ती अडवल्याचा आहे. विहिरीत ढकलायचे आणि वर ओला का झालास म्हणून ओरडायचे, यातला हा प्रकार आहे.

माझी थोरली पाच वर्षांची आहे. ती अंथरुणात पडल्या पडल्या विचारते, 'आई, तिनं पोतं खाली ठेवलं असेल ना?' न राहवून मी म्हटले, तुला एकटीला सांगते पुढचे. तर म्हणाली, 'नको. सगळ्यांबरोबर.' मी घराबाहेर निघाले की ती मला दारातून एक हाक मारायला लावते. आवाज शाबूत आहे ना, एवढे बघते आणि मग जाऊ देते. हे मी कुणाकडे तक्रार म्हणून न्यायचे? समस्येसाठी जसा संबंधित विभाग आहे, तसा यालाही असेल तर कळवावे.

७. मी समक्ष भेटले तेव्हा आपण घड्याळाकडे पाहत म्हणालात, 'शेवटी आई आत येतेच ना? मग एका ओळीत सांगून टाका आणि विषय संपवा.' त्या दिवशी धाकटी कडेवर रडत होती म्हणून उत्तर देता आले नाही. आता देते. एका ओळीत ती आत येत नाही. तिला त्या दारापाशी उभे राहून, आवाज नसताना, लेकीला आपण कोण ते पटवावे लागते. ते कसे, हे शोधायला आमच्या मुलांना आठवडा लागतो, आणि ज्यांनी ही गोष्ट पहिल्यांदा रचली त्यांना कित्येक पिढ्या लागल्या असतील.

बर्फातली माणसे आणि वाळूतली माणसे कधी एकमेकांना भेटली नाहीत. तरी दोघांच्याही गोष्टींत भूक आहे, सावत्रपण आहे, राजाला फसवून घरी परतलेला धाकटा आहे, आणि दारावर आलेले कुणीतरी आहे, ज्याला आत घ्यावे की नाही ते कळत नाही. हे विषय त्यांना कुठल्या समितीने मंजूर करून दिले नव्हते. त्यांनी ते भोगले, आणि मग मुलांना झोपवताना जपून, थोडे थोडे करून सांगितले. आपण त्यांच्यावर शिक्का मारायला बसला आहात. शिक्का कोरडा आहे, हे तरी बघावे.

८. तरी विनंती की, सदर गोष्ट विषय न लिहिता, दुरुस्ती न करता पूर्ण सांगण्यास परवानगी द्यावी. मी ती उद्या दुपारी सांगणार आहे. परवानगी आली तर बालविभागात, नाही आली तर वाचनालयाच्या पायऱ्यांवर. मुलांना तसे कळवले आहे. आधी ती बोलतील, मग मी.

हा नियमभंग आहे याची मला पूर्ण कल्पना आहे. मला कामावरून कमी करायचे असल्यास सोमवारी करावे. रविवारी मला सवड नाही.

आपली, अजून तरी नम्र,

(सही)
कथनकार (तात्पुरती), बालविभाग
दिनांक : शनिवार

सोबत :
१) विषयाचा तक्ता, आपल्या शेऱ्यासह.
२) बालविभागातल्या मुलांनी काढलेली दारांची चित्रे, एक जुडी. पाहून झाल्यावर परत करावीत. कुणाचे कुठले, ते मुलांच्या पक्के लक्षात आहे.