तेल लावू नका, सांगितलं होतं

८ नोव्हें., शनि.
ठमीची कानाची तपासणी पुन्हा फेल. दोन्ही कान. मशीनवाली म्हणते, कानात पाणी असेल. पहिल्यांदाही पाणीच होतं. जन्मून आठवडा होत आला, अजून किती पाणी?
डोकंही लहान भरलं. प्लेटलेट कमी. इथले भिवंडीचे डॉक्टर म्हणाले, सीएमव्हीचा संशय आहे, टॉर्च नावाची रक्ततपासणी करून घ्या. सीएमव्ही म्हणजे काय? 'गरोदरपणातलं इन्फेक्शन. आईला कळतही नाही.' पुढचा पेशंट आत.

१३ नोव्हें., गुरु.
टॉर्चचा रिपोर्ट. सीएमव्ही अँटिबॉडी पॉझिटिव्ह. डॉक्टर: 'बहुतेकांना असतं. सहा महिन्यांनी बघू.' बहुतेकांना असतं तर केली कशाला?
प्रशांतला दापोड्याच्या गोडाऊनवर फोन केला. "डॉक्टर म्हणतायत ना बघू, मग बघू." बाप आहेस की वॉचमन, असं विचारलं. त्याने फोन ठेवला.
इथे माहेरी मागच्या गाळ्यात दिवसरात्र कापडाचे लूम खडखडत चालतात. ठमी गाढ झोपते. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगते, "लय शानी हाय बाय माझी. लूमलाबी उठत न्हाय." मला ते कौतुक ऐकवत नाही.

१५ नोव्हें., शनि.
ठाण्याच्या बालरोगवाल्या मॅडमकडे गेलो. टॉर्च बघून बाजूला सरकवला. "ह्या तुमच्या अँटिबॉडी. नाळेतून बाळात गेलेल्या. यातून काही कळत नाही. बाळाच्या लघवीत व्हायरस आहे का, किती आहे, ते बघायचं. पीसीआर, व्हायरल लोड."
मग म्हणाल्या, "नमुना तीन आठवड्यांच्या आत घ्यायला हवा. नंतर व्हायरस सापडला तरी पोटात असताना लागला की बाहेर आल्यावर, कुणी सांगू शकत नाही."
पोटातलाच असला तर औषध आहे. पहिल्या महिन्यात सुरू करायचं. कान जेवढे वाचतील तेवढे.
पुढच्या रविवारी, २३ ला, तीन आठवडे पूर्ण. आधीचे दिवस त्या टॉर्चने खाल्ले. आणि तो माणूस म्हणे, सहा महिन्यांनी बघू!

१७ नोव्हें., सोम.
लघवीची पिशवी बाळाला चिकटवायची, भरली की लॅबच्या माणसाला द्यायची. चिकटवली, सुटली. दुसरी, सुटली. तिसरी दुपट्यावर पालथी. लॅबवाला दारात उभा. "मॅडम, तेल लगाया है क्या बच्ची को? कैसे चिपकेगा?"
सकाळीच मालीशवाली ठकूबाई नखशिखांत खोबरेल चोळून गेली होती. वर शेक, धुरी. आईला सांगितलं, उद्या तेल लावायचं नाही.
"सव्वा म्हयना मालीश चुकवायची न्हाय गो. हाडं कच्ची ऱ्हातात."
हाडांचं कोण विचारतंय!

१८ नोव्हें., मंगळ.
ठमीला साबणाने दोनदा धुतलं. पिशवी पुन्हा सुटली. हात लावून बघितला तर मांड्या तुळतुळीत. मी आंघोळीला गेले तेवढ्यात आईने ठकूबाईकडून उरकून घेतलेलं. "थोडंसंच लावलं. बिनतेलाची पोर दवाखान्यात धाडायची काय?"
ओरडले. आईवर आजवर इतकी ओरडले नव्हते. ठकूबाई तेलाची वाटी घेऊन ओट्यावर जाऊन बसली. तिचा काय दोष? पण कुणाची समजूत काढायला मला वेळ नाही.
मॅडमना फोन. म्हणाल्या, गुरुवारी इकडेच आणा, पिशवी आम्ही लावू, लाळही घेऊ. आधी दीड तास पाजायचं नाही. आईच्या दुधातही हा व्हायरस असू शकतो, तो तोंडात राहिला तर रिपोर्ट खोटा येईल.
तेलाची बाटली माझ्या कपाटात. चावी गळ्यात.

२० नोव्हें., गुरु.
पोटभर पाजून निघालो. काल्हेरचा रस्ता बंद, म्हणून मानकोलीवरून. तिथे अडकलो. चारी बाजूंनी कंटेनर. दीड तास तिथेच गेला. ठमीला भूक लागली. आधी कुरकुर, मग टाहो. लाल झाली, मग जांभळट.
आई: "पाज तिला."
आता पाजलं तर पुन्हा दीड तास. लॅब बंद होईल. उद्या पुन्हा हाच रस्ता.
"पाज म्हनते ना! काळीज हाय का न्हाय तुला?"
ब्लाउज भिजून पदरापर्यंत दूध आलं होतं. ठमी त्या वासाकडे तोंड करून शोधत होती. मी तिला उलटं धरलं, रस्त्याकडे तोंड करून. रिक्षावाला मागे वळून म्हणाला, "दीदी, बच्ची भूखी है." "मालूम है," असं खेकसले की त्याने पुन्हा मागे बघितलं नाही.
पोचलो. लाळ घेतली. पिशवी चिकटली, भरली. मग पाजलं. पिता पिता हुंदके देत होती. आई दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. माझ्याशी बोलत नाही.

२५ नोव्हें., मंगळ.
पॉझिटिव्ह. लघवी, लाळ दोन्ही. लोड लाखांत. म्हणजे पोटातलाच.
"एवढा मोठा आकडा, म्हणजे बहिरी?"
"आकड्यावरून तेवढं ठरत नाही," मॅडम म्हणाल्या. "औषध आजपासून."
एवढा जीव काढून आणलेला आकडा, आणि मला हवं तेच सांगत नाही. कुणाच्या डोक्यात घालू?
प्रशांत ड्युटी टाकून आला होता. बाहेर म्हणाला, "ओरड आता माझ्यावर." ओरडले.

६ डिसें., शनि.
औषध दिवसातून दोनदा, हातमोजे घालून. पांढऱ्या पेशी घटतात म्हणून ठरल्या दिवशी रक्त. कानाची मोठी तपासणी पुढच्या महिन्यात.
मुद्दाम जाऊन इथल्या डॉक्टरांपुढे रिपोर्ट ठेवला. 'बरं झालं, लवकर सापडलं.' लवकर! दुसऱ्यांच्या बाळांना तरी टॉर्चवर थांबवू नका, म्हटलं. पुढचा पेशंट आत.
दुपारी लाइट गेली. लूम एकदम थांबले. जमिनीवर गोधडीत झोपलेली ठमी जागी झाली. डोळे टक्क. आई इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी आपणहून बोलली, "ऐकू येतंय गो तिला! बंद झाल्याचं कळलं बग!"
लूम चालू असले की लादी हादरते. झोपलं की पाठीला कळतं. तिलाही पाठीनेच कळलं असेल. आईला सांगणार होते. तिचं तोंड बघून गप्प बसले.
उद्यापासून ठमीला झोळीत झोपवणार. जमिनीपासून वर. मग जाऊ दे लाइट. तेव्हा जागी झाली तर कानानेच.