पहाटेचा कोळसा

माझा नवरा होबार्ट यास, मुक्काम वरची दफनभूमी,

माझ्या अपंग पेन्शनची सुनावणी झाली. वकील ट्रेंटने आधीच बजावलं होतं, "ओपलबाई, 'माझं चालतंय' म्हणू नका. आपल्या डोंगरातली माणसं तेच बोलून हरतात." म्हणून खरं सांगितलं. शिवणकामाच्या कारखान्यात हात कामातून गेले, आता कॉफीचा कपही धरवत नाही.

जज म्हणाला, "एकट्या राहता. मग शेगडीला कोळसा कोण आणतं?"

शपथ घेतली होती. म्हटलं, "नवरा. पहाटे बादली भरून ठेवतो."

ट्रेंट पांढराफटक पडला. तुझा मृत्यूचा दाखला त्यानेच फायलीत लावला होता.

पेन्शन मंजूर झाली, पण हातांसाठी नाही, डोक्यासाठी. वेडी तर वेडी. घरात मक्याचं पीठ तरी आलं.

काल सकाळी ट्रेंट कागद घेऊन आला. दारातून शेगडीपर्यंत चिखलाची पावलं होती, परत जाणारं एकही नव्हतं. तो बसलाच नाही.

पुढच्या वर्षी सरकारी डॉक्टर घरी येऊन तपासणार आहे. त्या दिवशी तुझी पावलं तूच पूस, मला वाकवत नाही. ती पाहून माझं बोलणं खरं निघालं, मी शहाणी ठरले, तर खाऊ काय?

हे पत्र पोस्टात टाकत नाही, बादलीखाली ठेवते.

ओपल