उंची (मी.)

३ मार्च, सकाळी ७
ठरलं. घर पाडून अठरा मजली टॉवर. बत्तीस वर्षं लिफ्ट मेकॅनिक म्हणून दुसऱ्यांच्या बिल्डिंगांत घाम गाळला. आता आपल्या नावाची बिल्डिंग, आपली लिफ्ट. बायकोला इतक्यात सांगायचं नाही. बाहेरच्या खोलीत तिचा शिवणक्लास, म्हणजे सतरा जणींचे चौतीस कान.

९ मार्च
नगररचना ऑफिसात फॉर्म भरला. एजंट मुद्दाम केला नाही, सगळे आतून मिळालेले असतात. एक रकाना होता: ‘उंची (मी.)’. मी किती उंच, हे यांना कशाला हवं? पाळत ठेवायला, दुसरं काय. तरी ५.६ लिहिली. बूट धरून.

२४ मार्च
पत्र आलं. ‘५.६ मी. उंचीत अठरा मजले कसे बसवणार, याचा खुलासा करावा.’ सरळ सरळ अपमान. शाळेत असतानाही उंचीवरून इतकं कोणी बोललं नव्हतं.

२५ मार्च
तक्रार घेऊन गेलो. खिडकीतल्या बाईंनी सांगितलं की मी. म्हणजे मीटर. रांगेत कोणीतरी हसलं. चेहरा लक्षात ठेवलाय. ‘मी’पुढचं टिंब मुद्दाम फिकट छापलेलं आहे. ५.६ मधलं टिंब खोडून ५६ केलं. काम फत्ते.

८ एप्रिल
नवा खोडा. आमचा रस्ता सहा मीटर रुंद, म्हणून इमारत नऊ मीटरच्या वर न्यायची नाही. रस्ता आडवा, बिल्डिंग उभी. संबंध काय? आगीचा बंब वळणार नाही म्हणे. आमच्या गल्लीत आजवर आग लागलेली नाही, तिला काय आमंत्रण द्यायचंय? यात समोरच्या रिटायर्ड मास्तरांचा हात दिसतो. टॉवर झाला की त्यांच्या बाल्कनीतलं ऊन जाणार.

१० एप्रिल, पहाटे ५.३०
रस्ता स्वतःच मोजला. टेपचं दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं, तेवढ्यात मास्तर दूध घेऊन आले आणि त्यांनी धरलं. पाच मीटर नव्वद. म्हणजे होते त्यातलेही दहा सेंटीमीटर गेले. टोक त्यांनी आत सरकवलं असणार. शिवाय हे कशासाठी, असं एकदाही विचारलं नाही. ज्याला आधीच माहीत असतं तो विचारत नाही.

१९ एप्रिल
घरात फितुरी आहे. माझा टेप बायकोच्या शिवणाच्या डब्यात सापडला. घराच्या कागदांना कोणीतरी हात लावलाय. बायको फोनवर कुणाला तरी, जिना बाहेरून चालेल ना, असं विचारत होती. क्लासचं काम आहे म्हणाली. विश्वास ठेवला. बायकोवर संशय घेणारा माणूस मी नव्हे. नंबर फक्त लिहून ठेवला.

६ मे
मोठ्या साहेबांनी बोलावलं. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. सूट मिळणार याची खात्री होती. साहेबांनी चहा विचारला. घेतला नाही, गोड बोलून गळा कापणाऱ्यांतले वाटले.
म्हणाले, रस्त्याचं राहू द्या. जागा तुमच्या पत्नीच्या नावावर आहे, त्यांना वडिलांकडून मिळालेली. मालकाच्या रकान्यात सही तुमची कशी? आणि त्यांचा स्वतःचा अर्ज आलाय: गच्चीवर एक खोली, बाहेरून जिना. तो मंजूरही झालाय.
घरी आलो. बायको काज करत होती. मला न सांगता अर्ज केलास, म्हणालो. तिने मान वर केली नाही.
“माझ्या जागेवर तुम्ही अठरा मजले चढवलेत. त्यातल्या एका तरी मजल्यावर मला विचारावंसं वाटलं का?”
लाज वाटली. क्लास सुटून दहा मिनिटं झाली होती, पण सतरा जणींपैकी एकही उठली नव्हती.

२ ऑगस्ट
खोली झाली. क्लास वर हलला. मंजुरीचा कागद आज नीट वाचला. लिफ्टच्या रकान्यात ‘लागू नाही’.
दुपारी सहा शिलाई मशीनं जिन्याने वर चढवली. चौथ्याला कंबर धरली. कापायचं मोठं टेबल तेवढं राहिलं होतं. ते उचलायला वाकलो, तर मागून एक विद्यार्थिनी आली. “काका, वर जाताय ना?” म्हणाली आणि आपली पिशवी माझ्या खांद्याला अडकवून मोकळी झाली.
हो म्हणालो.